खाड्याचा हिशेब

माझी सगळी नोकरी नाशिकला, सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात गेली. टाइम ऑफिस म्हणजे गेटला लागून असलेली ती खोली, जिथे हजेरी लागते, ओव्हरटाइमवरून आवाज चढतात आणि पगाराच्या आदल्या दिवशी निम्मा कारखाना आपापले खाडे मोजायला येतो. तिथे बसून एक गोष्ट पक्की कळली. आजारपणातल्या गैरहजेरीवरून जे भांडण कामगार न्यायालयापर्यंत जातं, त्यात आजार खरा होता की खोटा हा प्रश्न फार उशिरा निघतो, पुष्कळदा निघतच नाही. आधी विचारतात ते असं: कळवलं का, कधी कळवलं, कुणाला कळवलं आणि कागद कुठाय?

कामगाराला हे पटत नाही. "मॅडम, डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते माझे, अख्ख्या गावाने पाहिलंय," असं टर्निंगच्या एका ऑपरेटरने मला गेटवर सांगितलं होतं. गावाने पाहिलं असणारच. पण तोवर आमच्याकडून त्याचं नाव मस्टरवरून कमी झालं होतं, आणि ते पत्र मीच टाइप केलेलं होतं.

त्याची गोष्ट सांगते, कारण असल्या भांडणात जे जे होतं ते बहुतेक सगळं तिच्यात आहे.

हा मुलगा अमळनेर तालुक्यातला. कायम नोकरी, सीएनसी मशीनवर हात चांगला, श्रमिकनगरात भाड्याची खोली. पावसाळ्यात कावीळ झाली. दोन दिवस गल्लीतल्या दवाखान्यात गेला, मग भाऊ येऊन गावी घेऊन गेला. गावाकडे काविळीचं झाडपाल्याचं औषध देणारा कुणीतरी असतोच. ते औषध, ताक, उसाचा रस, तेल-तिखट बंद, आणि पडून राहायचं. बराही झाला. पण झाडपाला देणारा सर्टिफिकेट देत नाही.

निघताना त्याने सुपरवायझरला फोन केला होता. सुपरवायझर म्हणाला, "ठीक आहे, बरा होऊन ये." ऑपरेटरच्या मते विषय तिथे संपला. आता, आमच्याकडे गेटशेजारी काचेच्या पेटीत स्थायी आदेश लावलेले होते. रजा कुणी मंजूर करायची, किती दिवसांत कळवायचं, सगळं त्यात होतं. त्यात सुपरवायझरचं नावनिशाण नव्हतं. रजा मंजूर करायचा अधिकार मॅनेजरचा, आणि तोही लेखी अर्जावर. राज्याच्या आदर्श स्थायी आदेशांत सलग दहा दिवसांहून अधिक काळ विनापरवाना गैरहजर राहणं हे गैरवर्तनात धरलं आहे, आणि बहुतेक कारखान्यांचे आदेश त्याच साच्यातून निघालेले आहेत. ती पेटी उघडून कुणी वाचताना मी कधी पाहिलं नाही. काचेवर दिवाळी बोनसची नोटीस चिकटवली की मात्र गर्दी व्हायची.

दहा दिवस उलटले तसा मॅनेजर साहेबांचा निरोप आला: "अमुक टोकन नंबर, नोटीस काढा." नोटिशीचा मजकूर माझ्या बोटांना पाठ होता. 'आपण दिनांक अमुकपासून कोणतीही पूर्वसूचना न देता व विनापरवानगी कामावर गैरहजर आहात. हे पत्र मिळताच तीन दिवसांत कामावर हजर व्हावे व समाधानकारक लेखी खुलासा करावा, अन्यथा आपणास नोकरीत स्वारस्य नाही असे गृहीत धरण्यात येईल.' रजिस्टर्ड एडीने, श्रमिकनगरच्या पत्त्यावर. आता रजिस्टर्ड टपाल स्पीडपोस्टात मिसळलं आहे, पण गत तीच. आठवड्याने पाकीट परत आलं. मागे पोस्टमनचा निळ्या बॉलपेनचा शेरा: 'खोली बंद. गावी गेले. सबब परत.' दुसरी नोटीस काढली, तीही त्याच पत्त्यावर. तेही पाकीट त्याच शेऱ्याने परत आलं. दोन्ही न उघडलेली पाकिटं फाइलला टाचली आणि तिसरं पत्र गेलं: 'आपले नाव हजेरीपटावरून कमी करण्यात येत आहे.'

ही पाकिटं लक्षात ठेवा. पुढे सगळं त्यांच्याभोवतीच फिरतं.

'गृहीत धरण्यात येईल' हे वाक्य कारखानदारांना फार आवडतं. माणूस आलाच नाही, म्हणजे त्याने स्वतःच नोकरी सोडली. आम्ही कुठे काढलं? चौकशी नको, नुकसानभरपाई नको. दिसायला सोपी वाट आहे. पण सर्वोच्च न्यायालयाने ती फार पूर्वीच अडवली आहे. १९७७ साली दिल्ली क्लॉथ मिलच्या खटल्यात आणि १९८२ साली दक्षिण रेल्वेतल्या रॉबर्ट डिसूझा यांच्या खटल्यात न्यायालय म्हणालं की, गैरहजेरीसाठी पटावरून नाव काढणं ही कामगारकपातच. म्हणजे कपातीला लागणारी नोटीस आणि भरपाई चुकत नाही. १९९३चा डी. के. यादव खटला तर कामगार वकिलांच्या तोंडी रोज असतो. या यादवांना डिसेंबर १९८० मध्ये, आठ दिवसांपेक्षा जास्त गैरहजर म्हणून, स्थायी आदेशाच्या आधारे कामावरून कमी केलं होतं. त्यांचं म्हणणं होतं की, मी रोज येत होतो, गेटवरच अडवत होते. न्यायालयाने ठरवलं ते असं: स्थायी आदेशात काहीही लिहिलेलं असो, माणसाला बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय त्याची रोजीरोटी काढून घेता येणार नाही. कामावर परत घ्या आणि मागचा निम्मा पगार द्या. २०१२ साली कृष्णकांत परमार यांच्या खटल्यात याच्याही पुढचं एक पाऊल पडलं. गैरहजेरी आणि मुद्दाम केलेली गैरहजेरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजारपण, अपघात, रुग्णालयात दाखल होणं अशा कारणांनी माणूस येऊ शकला नाही, तर ती मुद्दाम केलेली म्हणता येत नाही.

एवढं वाचून कामगार खूश होतात. त्यांना मी लगेच २००५चा जम्मू-काश्मीर बँकेचा निकाल सांगते. तिथला कर्मचारी रजा संपल्यावरही आला नाही, बँकेने नोटिसा दिल्या, आणि आजाराचा अर्ज त्याने बऱ्याच उशिरा पाठवला. सर्वोच्च न्यायालय बँकेच्या बाजूने गेलं. अशा प्रकरणात साग्रसंगीत चौकशी नसली तरी चालेल, माणसाने दिलेलं कारण पटण्यासारखं आहे का एवढं तपासलं तरी पुरे. आणि मुदत टळल्यावर धाडलेला अर्ज प्रामाणिकपणाचं लक्षण नव्हे, असं त्या निकालाचं तात्पर्य. म्हणजे कंपनीने विचारलंच नाही तर कंपनी अडचणीत येते, आणि तिने विचारूनही तुम्ही उत्तर दिलं नाही तर तुम्ही.

कारखान्याची बाजूही सांगायला हवी, कारण ती मी आतून पाहिली आहे. तीन पाळ्यांत चालणाऱ्या मशीनवरचा माणूस न सांगता गेला की आधीच्या पाळीच्या माणसाला थांबवून घ्यावं लागतं, आणि तो घरी बायकोशी आणि इथे आमच्याशी भांडतो. आखाजीच्या आठवड्यात आमची खानदेशी मंडळी एकाएकी तापाने फणफणायची. सगळ्यांना व्हायरल, सगळ्यांची सर्टिफिकेटं एकाच डॉक्टरची, सही-शिक्का तोच, फक्त नाव आणि तारखेचा रकाना वेगळा. असली सर्टिफिकेटं कोणत्या दवाखान्यात कितीला मिळतात हे युनियनला, साहेबांना आणि मला सारखंच माहीत होतं. त्यामुळे खऱ्या आजाऱ्याचा कागदही आम्ही उन्हाकडे धरून बघायचो. पहिल्या दिवसाची तारीख आणि शेवटच्या दिवसाची सही एकाच शाईत, एकाच हाताची असली की साहेब कागद टेबलावर टाकून म्हणायचे, "हा बरा झाल्यावर आजारी पडलाय."

आमच्या ऑपरेटरने आणलेलं सर्टिफिकेट नेमकं तसं होतं. बरा झाल्यावर तालुक्याच्या डॉक्टरकडून सगळ्या दिवसांचं एकगठ्ठा घेतलेलं. खरं सांगते, त्या कागदामुळे त्याचं नुकसानच झालं. त्यापेक्षा श्रमिकनगरच्या दवाखान्यातली पहिल्या दोन दिवसांची साधी चिठ्ठी आणि रक्ततपासणीचा रिपोर्ट जास्त कामी आला. बिलिरुबिनचा आकडा आणि तारीख छापून आलेली होती. छापील तारखेशी कुणी वाद घालत नाही.

ई.एस.आय.त तो गेला असता तर निम्मं भांडण झालंच नसतं. या योजनेबद्दल लोक नाकं मुरडतात, आणि दवाखान्यातली रांग पाहिली की मलाही ते पटतं. पण तिच्यामागची कल्पना फार मोठी आहे. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते त्या काळात, १९४३ साली, प्रा. बी. पी. आडारकरांवर कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायचं काम सोपवलं गेलं. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला, १९४८ मध्ये कायदा झाला, आणि १९५२ च्या फेब्रुवारीत कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. महिना एकवीस हजारांपर्यंत पगार असणाऱ्याला ती लागू. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापतात, मालक सव्वातीन टक्के भरतो. आजारपणात वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. क्षय, कर्करोग यांसारख्या ३४ मोठ्या आजारांच्या यादीत नाव असेल, तर अटी पुऱ्या झाल्यावर ८० टक्के, आणि तेही दोन वर्षांपर्यंत. अर्ध्या वर्षाच्या वर्गणीच्या काळात ७८ दिवस भरलेले असावे लागतात. खाडे फार असले की तिथेही अडतं.

पैशापेक्षाही मोलाची गोष्ट १९४८च्या त्या कायद्याच्या कलम ७३ मध्ये होती. आजारपणाचा लाभ चालू असताना मालकाने कामगाराला काढायचं नाही, शिक्षा करायची नाही. पण यालाही एक 'पण' होताच. मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलच्या खटल्यात, साठच्या दशकात, सर्वोच्च न्यायालयाने या ढालीचा अर्थ बराच आखडता घेतला आणि गिरणीने केलेली कारवाई टिकली. तेव्हा ई.एस.आय.चं सर्टिफिकेट खिशात आहे म्हणून कंपनीला कळवायचं नाही, असं करू नये. दवाखान्याने दिलेला पहिला दाखला त्याच दिवशी टाइम ऑफिसात पोचायला हवा, आणि दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का मारून घ्यायला हवा. गावी असाल तर जवळच्या ई.एस.आय. दवाखान्यात जाता येतं. तो नसेल तर खासगी डॉक्टरचे कागद महामंडळाला पर्यायी पुरावा म्हणून स्वीकारता येतात. मात्र ते वेळेवर दिलेले हवेत.

ऑपरेटर दोन महिन्यांनी परत आला. वॉचमनने गेटवर अडवलं. "तुझं कार्ड बंद झालंय, ऑफिसात विचार." ऑफिसात त्याला पर्सनलच्या साहेबांनी जे सुचवलं, ते इतक्या कारखान्यांत इतक्या लोकांना सुचवलं जातं की इथे जरा थांबते. "असं कर, राजीनामा लिहून दे, हिशेब घेऊन टाक, आणि पुढच्या महिन्यात नव्याने लाग. मी बघतो." बोलणं मायेचं असतं. माणूस घाबरलेला असतो, हातात पैसा नसतो, हिशेबाची रक्कम डोळ्यांपुढे असते. सही केली की त्याच्या अकरा वर्षांच्या नोकरीवर पाणी पडतं. नव्याने लागला तरी कायम म्हणून नाही, ट्रेनी नाहीतर ठेकेदाराकडे. आणि पुढे न्यायालयात कंपनी तोच राजीनामा दाखवते: आम्ही काढलं कुठे, यानेच सोडलं. 'सही जबरदस्तीने घेतली' हे सिद्ध करणं किती अवघड असतं ते कुणाही कामगार वकिलाला विचारा.

त्याने सही केली नाही. शहाणपणा त्याचा नव्हता, त्याच्या भावाचा होता. भाऊ जळगावला एसटीत, युनियनचा माणूस. त्याने त्याच दुपारी पोस्टात नेऊन एक पत्र टाकायला लावलं. ते आमच्याकडे आवकला आलं तेव्हा मला बरं वाटलं, कारण मजकूर नेटका होता. 'आज दिनांक अमुक रोजी सकाळी साडेसहा वाजता पहिल्या पाळीसाठी मी गेटवर हजर झालो. सुरक्षारक्षकाने आत सोडले नाही. मी आजारी होतो, कागद सोबत जोडले आहेत. मी काम करण्यास तयार व तंदुरुस्त आहे. कंपनीच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घेण्यास माझी हरकत नाही. कृपया कामावर घ्यावे.' बस्स, एवढंच. रडगाणं नाही, आरोप नाहीत, कायद्याची कलमं नाहीत. पुढे आमच्या वकिलांनी फाइल पाहिली तेव्हा याच पत्रावर बोट ठेवून म्हणाले, "हे यायला नको होतं."

मग तो कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात गेला. तिथला सरकारी कामगार अधिकारी दोन्ही बाजूंना बोलावतो. त्याला निकाल द्यायचा अधिकार नाही. त्याने समजूत घालायची, तडजोड घडवायची. म्हणून या पायरीला पुष्कळजण वेळकाढूपणा समजतात, आणि काही वेळा असतोही. कंपनी तारखेला येतच नाही, किंवा ज्याच्या हातात काही नाही अशा माणसाला पाठवते. आमच्याकडून मॅनेजर आले, सोबत फाइल घेऊन मी.

अधिकारी चष्मा सारखा करत फाइल चाळत होते. परत आलेली दोन पाकिटं त्यांनी बाहेर काढली, शेरा वाचला, मग फाइलच्या अगदी तळाचा, नोकरीला लागतानाचा अर्ज काढला. त्यात कायमचा पत्ता ऑपरेटरच्याच अक्षरात होता: मु. पो. अमुक, ता. अमळनेर, जि. जळगाव. "साहेब, पोस्टमन लिहितोय गावी गेले. गावचा पत्ता तुमच्याच फाइलीत आहे. दुसरी नोटीस तिकडे का नाही पाठवली?" मॅनेजर म्हणाले, पद्धत स्थानिक पत्त्यावर पाठवायची आहे. अधिकारी हसले. मग ऑपरेटरकडे वळून म्हणाले, "आणि तुम्ही हो? दोन महिन्यांत एक पोस्टकार्ड टाकता नाही आलं? सुपरवायझर म्हणजे कंपनी का?" त्याने मान खाली घातली. सुपरवायझरला बोलवायचा विषय निघाला, पण मॅनेजरने टाळला. तो फोन आल्याचं नाकारणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

चार-सहा तारखा पडल्या. शेवटी मसुदा झाला. कामावर परत घ्यायचं, त्याच पदावर, त्याच पगारावर. नोकरी अखंड धरायची. आजारपणातल्या दिवसांत शिल्लक हक्काची रजा वळती करायची, उरलेले दिवस आणि नंतरचे भांडणाचे महिने बिनपगारी. ताकीदपत्र फाइलला. दोघांनी अधिकाऱ्यासमोर सह्या केल्या.

बिनपगारीवर युनियनवाले नाराज होते. माझ्या मते त्याने योग्य केलं. 'नोकरी अखंड' या दोन शब्दांची किंमत तरुणपणी कळत नाही. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगाराला २६ ने भागून, १५ ने आणि नोकरीच्या वर्षांनी गुणून काढतात. आधीची अकरा वर्षं गेली तर निवृत्तीच्या पगाराच्या दराने अकरा वर्षांची रक्कम जाते, आणि ती चार महिन्यांच्या बुडालेल्या पगारापेक्षा कितीतरी जास्त भरते. तसा ग्रॅच्युइटीचा कायदा आजारपणामुळे नोकरीत खंड पडला असं मानतच नाही. विनापरवाना गैरहजेरीसुद्धा, नियमाप्रमाणे तसा हुकूम काढला नसेल तर, खंड ठरत नाही. तरी मसुद्यात लिहून घेतलेलं बरं.

तडजोड फिसकटली असती तर कामगार न्यायालय. आपल्या राज्यात त्याला दोन वाटा आहेत. एक केंद्राच्या कायद्याची. दुसरी १९७१च्या राज्य कायद्याची, ज्याला सगळे 'एमआरटीयू-पल्प' म्हणतात. खोट्या कारणावरून, सूडबुद्धीने किंवा नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून काढलं, तर त्याखाली अनुचित प्रथेची तक्रार करता येते आणि तात्पुरता दिलासाही मागता येतो. तक्रारीची मुदत नव्वद दिवस. सबळ कारण दाखवलं तर उशीर माफ होतो, पण त्यासाठी वेगळं भांडावं लागतं. हे नव्वद दिवस कसे जातात ते मी पाहिलं आहे. साहेब म्हणतात "पुढच्या महिन्यात ये," आणि माणूस येत राहतो.

केंद्राच्या वाटेवर २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता आली. तडजोडीची पायरी तिच्यातही आहे. पण काढून टाकलेल्या कामगाराला दाद मागायला पूर्वी तीन वर्षं होती, ती आता दोन झाली. आणि स्थायी आदेश तीनशे किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणीच सक्तीचे. सातपूर-अंबडमधल्या लहान वर्कशॉपांना हा आकडा कुठून गाठायचा? तिथे आता रजेचे नियम काय, हे नेमणूकपत्रावरूनच ठरणार. म्हणून नेमणूकपत्र वाचा, निदान मुलाकडून वाचून घ्या.

मागच्या पगाराबद्दल लोकांच्या मोठ्या आशा असतात. बेकायदा काढलं हे ठरलं तर मागच्या पगारासह परत घेणं हाच सर्वसाधारण नियम, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली औरंगाबादच्या एका शिक्षिकेच्या खटल्यात स्पष्ट केलं. मात्र मधल्या काळात आपण दुसरीकडे कमावत नव्हतो हे कामगाराने आधी म्हणायला लागतं. मग तो कमावत होता हे दाखवायची जबाबदारी मालकावर. प्रत्यक्षात निम्मा पगार, पाव पगार, असेच आकडे जास्त दिसतात, आणि तेही काही वर्षांनी.

जे बरे होऊन परत येऊच शकत नाहीत त्यांचा प्रश्न वेगळा. सततच्या अनारोग्यामुळे नोकरी संपवणं ही केंद्राच्या जुन्या कायद्याने कपात मानलेली नव्हती, त्यामुळे कपातीची भरपाई नव्हती. पण म्हणून साहेबांनी चेहरा बघून 'अनफिट' ठरवायचं नसतं; त्याला वैद्यकीय तपासणीचा आधार लागतो, आणि ग्रॅच्युइटी, फंड, रजेचे पैसे चुकत नाहीत. सरकारी आस्थापनेत तर नोकरीत असताना अपंगत्व आलेल्याला काढताच येत नाही. झेपेल असं दुसरं काम द्यावं लागतं, आणि तसं पद नसेल तर जादा पद निर्माण करून त्यावर ठेवावं लागतं. खासगी कारखान्यात हे कलम चालत नाही. तिथे हलकं काम मागायचं ते विनंती म्हणून.

ज्यांना नोटीससुद्धा येत नाही अशा माणसांची संख्या आता आमच्या वसाहतीत जास्त आहे. ठेकेदाराच्या कामगाराला कुणी काढत नाही, फक्त दुसऱ्या दिवशी बोलावत नाही. निवृत्तीनंतर माझ्याकडे कागद लिहून घ्यायला येतात त्यांत अशीच मंडळी फार. पॅकिंगमध्ये काम करणारी एक मुलगी डेंग्यूने बारा दिवस झोपली. आली तर ठेकेदार म्हणाला, जागा भरली. नेमणूकपत्र नाही, हजेरीकार्ड त्याच्याकडे. पण ई.एस.आय.ची पाऊण टक्का वर्गणी तिच्या पगारातून दर महिन्याला कापली जात होती, आणि ती कुणी, कोणत्या महिन्यांत, किती दिवसांची भरली याची नोंद महामंडळाच्या संगणकावर होती. तिच्या फोनवरून आम्ही ती काढली, छापून घेतली, सोबत शासकीय रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड जोडलं, आणि अर्जात ठेकेदाराबरोबर मूळ कंपनीचंही नाव घातलं. कामगार अधिकाऱ्यांकडे पहिल्या तारखेला ठेकेदार आला नाही. कंपनीने एका मुलाला पाठवलं, त्याने वेळ मागून घेतली. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.